बिनतारी यंत्र आणि थकलेला सेल



‘आज व्होल्टेज कमी आहे’ हें वाक्य गोंदियाकडील घरांत उन्हाळ्याच्या संध्याकाळीं किती वेळां उच्चारलें जातें याची गणती करण्याचें कारण नाहीं. पंखा रेंगाळूं लागतो, पाण्याचा पंप नुसता घुरघुरतो आणि पाणी वर चढवीत नाहीं, आणि घरांतलें लहान मूलसुद्धां काय झालें तें बरोबर ओळखतें. तारेवरून येणाऱ्या विजेचा दाब उतरला म्हणजे त्याची वर्दी अशी साऱ्या घरास मिळते. परंतु ज्या यंत्रांना तारच नाहीं, जीं पोटांत एक-दोन सेल बाळगून हवेंतून संदेश धाडतात, त्यांच्या विजेचा दाब उतरला म्हणजे काय होतें? पुष्कळदां कांहींच झालें नाहीं असें दिसतें; आणि खरी अडचण तेथेंच आहे.

अशीं यंत्रें आतां घरोघर झालीं आहेत. मोटारीची किल्ली, दाराची बिनतारी घंटा, संगणकाचा माउस, वृद्धांच्या कानांतील श्रवणयंत्र, आणि ज्याच्यावांचून आपलें पान हालत नाहीं तो मोबाइल, हे सारे एकाच कुळांतले. दूरचित्रवाणीचा रिमोट बहुधा रेडिओ-लहरींनीं न बोलतां अदृश्य प्रकाशानें बोलतो, म्हणून त्याला चुलतभाऊ म्हणूं. सेलच्या बाबतींत त्याचीहि कथा तीच आहे.

सेल म्हणजे तेलाची पणती, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तेल आहे तोंवर ज्योत, तेल सरलें कीं अंधार. उपमा सोयीची आहे, पण खरी नाहीं. नव्या अल्कलाइन सेलचा दाब दीड व्होल्टाहून किंचित् अधिक असतो, तो ०.९ व्होल्टाच्या आसपास आला म्हणजे सेल संपला असें सामान्यतः धरतात. या दोन टोकांमधला उतार लांबलचक असून सेलच्या आयुष्याचा बहुतेक काळ त्या उतारावरच जातो. वेष्टनावर छापलेले दीड व्होल्ट हें त्याचें जन्मनांव समजावें.

पण उतार ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी समजण्यासाठीं, आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख तलावांचा असल्यामुळें, तलावाचेंच उदाहरण घेतों. एखादा जुना मालगुजारी तलाव डोळ्यांपुढें आणा. तलावांत पाणी आहे, परंतु पाणी सोडण्याच्या दाराशीं वर्षानुवर्षांचा गाळ साचला आहे. एकाच बांधीला पाणी लावलें तर पाट भरून वाहतो आणि तलाव उत्तम आहे असें कोणीहि म्हणेल. मग रोवणीचे दिवस येतात. पंचवीस बांध्या एकाच वेळीं पाणी मागतात. आणि पाटांतलें पाणी तळाशीं जातें, शेवटच्या बांधीपर्यंत पोंचतच नाहीं. तलाव आटलेला नसतो, त्याला देणें जमत नसतें. पाळीवर उभा राहून पातळी मोजणाऱ्या माणसास यांतलें कांहींच कळणार नाहीं.

सेलमध्यें असाच एक गाळ असतो. त्यास अंतर्गत विरोध म्हणतात. सेलच्या आंत जी रासायनिक क्रिया चालते तिचे पदार्थ हळूहळू बदलतात, आंतला ओलावा कमी होतो, आणि प्रवाहाची वाट अरुंद होत जाते. सेल नवा असतांना हा विरोध क्षुल्लक असतो. सेल म्हातारा झाला कीं तो कित्येक पटींनीं वाढतो. प्रवाह थोडा मागितला तर त्याचा उपद्रव जाणवत नाहीं. प्रवाह मोठा मागितला कीं दाब तेवढ्यापुरता कोसळतो आणि मागणी थांबतांच पुन्हां वर येतो.

आतां बिनतारी यंत्राचा स्वभाव पाहा. तें दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेलें असतें, कांहीं वेळ ऐकत असतें, आणि क्वचित् बोलतें. झोपेंत त्याला नांवापुरता प्रवाह लागतो, ऐकतांना थोडा अधिक, आणि बोलतांना मात्र एकदम पुष्कळ. वनरक्षकाच्या हातांतील पांच वॉटच्या वॉकीटॉकीस नुसतें कान देऊन राहण्यासाठीं जेवढा प्रवाह लागतो त्याच्या वीस-तीस पट तरी प्रवाह बोलण्याचें बटण दाबतांच लागतो. यावरून दिसेल कीं थकलेल्या सेलवर चालणारें यंत्र आधीं मुकें होतें आणि बऱ्याच उशिरानें बहिरें होतें. दुसऱ्याचा आवाज आपणांस स्वच्छ ऐकूं येतो, आपला आवाज मात्र पलीकडे जात नाहीं; आणि ऐकूं येत असल्यामुळें आपलें यंत्र ठीक आहे या भ्रमांत आपण राहतों.

थोडा हिशेब करून पाहूं. मोटारीच्या किल्लींत नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावरील २०३२ या आकड्याचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा दाब ३ व्होल्ट. समजा, नवा असतांना त्याचा अंतर्गत विरोध १५ ओहम आहे, आणि किल्ली संदेश धाडतांना १५ मिलिअँपिअर प्रवाह घेते. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५ मिलिव्होल्ट आंतल्या आंत खर्च झाले. यंत्राच्या वांट्यास पावणेतीन व्होल्टांहून थोडे अधिक आले. काम झालें. दोन-तीन वर्षांनीं विरोध ८० ओहमपर्यंत चढला असें समजा. आतां ८० गुणिले १५ म्हणजे १२०० मिलिव्होल्ट, अर्थात् १.२ व्होल्ट आंतच गेले. बाहेर राहिले १.८. अशा यंत्रांतील पुष्कळ चिपांची सहनशक्ति याच सुमारास संपते. आणि गंमत अशी कीं तोच सेल बाहेर काढून मोजणीयंत्रास लावला तर, मोजणीयंत्र जवळ जवळ कांहींच प्रवाह घेत नसल्यामुळें, कांटा निमूटपणें तीनच्या जवळ उभा राहतो. पाळीवरून तलाव मोजण्याचा प्रकार तो हाच.

दाब उतरल्यावर यंत्र बंदच पडलें तर एक वेळ बरें, असें मला वाटतें. त्याआधींच्या अवस्था अधिक फसव्या असतात. साध्या बनावटीच्या प्रेषकांत लहरींची शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. दाब तीन-चतुर्थांश झाला कीं शक्ति सोळापैकीं नऊ भाग, म्हणजे निम्म्याहून जराशीच अधिक उरते. मोकळ्या मैदानांत यामुळें पल्ला साधारण तीन-चतुर्थांशावर येतो. साग-बांबूच्या दाट रानांत किंवा दोन-तीन भिंतींच्या पलीकडेहि ही तूट बोंचते. ‘किल्ली जवळ नेली कीं चालते’ अशी तक्रार आपण करतों ती याच अवस्थेंतली.

नव्या यंत्रांत एक निराळी युक्ति असते. सेलचा दाब कितीहि घसरला तरी आंतल्या भागांना दाब कायम मिळावा म्हणून एक लहानसें दाब-परिवर्तक मंडल बसविलेलें असतें. दाब कमी पडला कीं हें मंडल सेलपासून अधिक प्रवाह ओढून ती तूट भरून काढतें. यंत्र शेवटपर्यंत ताजेंतवानें दिसतें. परंतु अधिक प्रवाह ओढल्यानें थकलेल्या सेलचा दाब आणखी पडतो, तो पडला म्हणून मंडल आणखी ओढतें, आणि उतारावरून हळूहळू उतरण्याऐवजीं यंत्र एकदम कड्यावरून खालीं येतें. जुना मोबाइल वीस टक्के शिल्लक दाखवीत असतांना नेमका संभाषण सुरू करतांच बंद पडतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हाच व्यवहार असतो. रानांत किंवा एखाद्या आडगांवीं मनोरा लांब असला म्हणजे मोबाइलला पूर्ण जोर लावून बोलावें लागतें; तेव्हां गांवांत दिवसभर पुरणारी बॅटरी तेथें दुपारींच कां मान टाकते, हेंहि यावरून उमगेल.

तिसरी अवस्था सर्वांत विचित्र. यंत्रांतील गणक-चिपेस पुरेसा दाब मिळाला नाहीं तर ती थांबतेच असें नाहीं. ती भलतेंच करूं शकते. हें टाळण्यासाठीं आंत एक पहारेकरी ठेवलेला असतो. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं तो चिपेस खालीं बसवितो आणि दाब वर आला कीं पुन्हां उठवितो. आतां पाहा: यंत्र उठलें, त्यानें संदेश धाडावयास घेतला, दाब कोसळला, पहारेकऱ्यानें त्याला बसविलें, मागणी थांबली म्हणून दाब वर आला, यंत्र पुन्हां उठलें, पुन्हां संदेश, पुन्हां बैठक. अशी उठबस रात्रभर चालते, एकहि संदेश पुरा जात नाहीं, आणि सेलमध्यें होतें नव्हतें तेंहि संपून जातें.

हा प्रकार आजचा नव्हे. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, त्या काळांत खेड्यांतून वीज नव्हती आणि रेडिओ बॅटरीवर चालत असे. अशा व्हॉल्व्हच्या संचास सामान्यतः दोन बॅटऱ्या लागत. तारा तापविण्यास दीड व्होल्टांची एक आणि उच्च दाबाची नव्वद व्होल्टांची दुसरी. या दुसरींत दीड-दीड व्होल्टांचे साठ लहान सेल एकापुढें एक जोडलेले असत, आणि साठांतला एक जरी बिघडला तरी गाण्यांत खरखर मिसळे. पुढें ट्रान्झिस्टर आले. सेल उतरले कीं या ट्रान्झिस्टरांतून गाण्याच्या भरांत पाण्याच्या इंजिनासारखा फटफट आवाज येई, तो माझ्या वयाच्या श्रोत्यांस आठवत असेल. त्याचें कारण अंतर्गत विरोधच. आवाजाचा मोठा झोत आला कीं दाब पडे, त्यानें आधींचें मंडल दचके, आणि ही दचक फिरून पुढच्या मंडलांत जाई. आवाज लहान केला कीं फटफट थांबे. म्हणजे सेल संपलेला नसे. त्याच्याकडून मागणें जास्त होत असे.

त्याच काळांत लोक सेल उन्हांत ठेवीत, आणि ते कांहीं वेळ चालतहि. याला अडाणीपणा म्हणणें मला पटत नाहीं. उष्णतेनें आंतली रासायनिक क्रिया जलद होते, विरोध उतरतो, आणि शिल्लक राहिलेलें थोडेंसें बाहेर येतें. नवें कांहीं आंत शिरत नाहीं एवढेंच. मात्र आतांच्या लिथियम बॅटऱ्यांना कोणीं ऊन दाखवूं नये. त्या तापल्या असतां पेट घेऊं शकतात.

उन्हानें जें सुधारतें तें थंडीनें बिघडतें. हिवाळ्यांत गोंदियाचा पारा पुष्कळदां सबंध विदर्भांत सर्वांत खालीं असतो. पहाटे आठ-नऊ अंश ही येथें नवलाची गोष्ट नाहीं. माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या उशाशीं बिनतारी घंटेची कळ ठेवलेली होती. रात्रीं कांहीं त्रास झाला तर कळ दाबावी आणि माडीवर निजलेल्या मुलानें उठून यावें, अशी योजना. मुलगा दक्ष होता. दर रविवारीं दुपारीं तो कळ दाबून पाही आणि घंटा वाजे. जानेवारींतल्या एका पहाटे म्हाताऱ्यांना धाप लागली. त्यांनीं कळ तीन-चार वेळां दाबली, पण घंटा वाजली नाहीं. शेवटीं उशाशीं असलेला पितळी तांब्या त्यांनीं फरशीवर आपटला तेव्हां घर जागें झालें. वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली हें सुदैव.

दुसऱ्या दिवशीं ती कळ माझ्याकडे आली. आंत बोटाच्या पेराएवढी १२ व्होल्टांची बॅटरी होती. अशा बॅटरीचें वरचें वेष्टन सोललें तर आंत आठ चिमुकले सेल एकावर एक रचलेले दिसतात. नुसती मोजली तेव्हां बॅटरी ११ व्होल्टांहून अधिक दाखवीत होती. कळ दाबून धरून मोजतांच कांटा सातांवर आला. रविवारच्या दुपारीं हवा ऊबदार, बॅटरी आठवडाभर विसावलेली, आणि कळ एकदांच दाबलेली. अशा वेळीं ती जेमतेम उत्तीर्ण होई. पहाटेच्या थंडींत, पाठोपाठ चार दाबण्यांत, तिचें बळ पुरलें नाहीं. शाळेंत एकच सोपा प्रश्न विचारून मुलगा हुशार ठरविण्यासारखी ती परीक्षा होती.

आतां आपल्या जिल्ह्यांतील एका मोठ्या उदाहरणाकडे वळूं. नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ सालीं घोषित झाला. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. २० मे २०२३ रोजीं ब्रह्मपुरीच्या रानांतून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यांत सोडण्यांत आल्या, आणि त्यांच्या गळ्यांत उपग्रहाशीं बोलणारे पट्टे बांधलेले होते. वन्य प्राण्यांच्या अशा पट्ट्यांत सामान्यतः तीन कामें चालतात. एक, आकाशांतील उपग्रहांचे संकेत ऐकून आपण कोठें आहों हें ठरविणें; दुसरें, तें ठिकाण उपग्रहामार्फत कळविणें; आणि तिसरें, रानांत हातांत अँटेना घेऊन फिरणाऱ्या माणसासाठीं टिक्-टिक् असा साधा रेडिओ-ठोका देत राहणें. या तिन्हींत एका झटक्यांत सर्वांत जास्त प्रवाह मागणारें काम दुसरें. ठोक्याचें काम त्या मानानें फार स्वस्त.

पट्ट्याचें वजन प्राण्याच्या वजनाच्या तीन ते पांच टक्क्यांपलीकडे जाऊं नये असा संकेत आहे, त्यामुळें आंत वाटेल तेवढी मोठी बॅटरी घालतां येत नाहीं. आणि ती बदलावयाची म्हणजे पेटींतला सेल बदलण्यासारखें नाहीं. वाघिणीस पुन्हां बेशुद्ध करावें लागतें. म्हणून अशा यंत्रास दिवसांतून मोजक्याच वेळां बोलूं देतात. त्यांत बहुधा लिथियमचे, पुन्हां न भरतां येणारे सेल घालतात. यांचा दाब आयुष्यभर जवळ जवळ सपाट राहतो आणि शेवटीं झटकन् पडतो. गुण तोच आणि दोषहि तोच, कारण नुसत्या दाबावरून किती शिल्लक आहे हें सांगणें कठीण होतें. शहाण्या रचनेचा पट्टा दाब उतरूं लागला कीं उपग्रहाशीं बोलणें सोडून देतो आणि उरलेलें बळ ठोक्यासाठीं राखून ठेवतो. प्रत्येक संदेशासोबत स्वतःच्या बॅटरीचा दाब कळविण्याची सोयहि पुष्कळ पट्ट्यांत असते.

ही सोय कां हवी हें जय नांवाच्या वाघाच्या गोष्टीवरून ध्यानांत येतें. नागझिऱ्यांत जन्मलेला हा नर २०१३ सालीं उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानांत गेला आणि त्यास पाहण्यासाठीं लोकांची रीघ लागली. गळ्यांतील पहिला पट्टा बिघडल्यामुळें मार्च २०१६ मध्यें दुसरा बसविण्यांत आला. १८ एप्रिल २०१६ नंतर त्याचाहि संदेश आला नाहीं, आणि मोठी शोधाशोध होऊनहि जय सांपडला नाहीं. पट्टा कां मुका झाला याचा निर्णय लागलेला नाहीं. तेव्हां तो दोष सेलच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. येथें सांगण्याचा मुद्दा निराळा आहे. बिनतारी यंत्र गप्प झालें म्हणजे तें थकलें, मोडलें, कोणी नष्ट केलें, कीं दरींत दडलें, हें त्याच्या मौनावरून ओळखतां येत नाहीं. जें काय सांगावयाचें तें त्यानें बोलत असतांनाच सांगितलेलें असावें लागतें.

घरगुती यंत्रांत हें सांगण्याचें काम एक लहानसा तांबडा दिवा करतो, पण त्यावर फार विसंबूं नये. स्वस्त यंत्रांत हा दिवा यंत्र विसावलेलें असतांना दाब मोजतो. उलट, पुन्हां भरतां येणारे निकेलचे सेल मुळांतच १.२ व्होल्टांचे असल्यानें दिवा त्यांना नवे असतांनाच ‘संपत आले’ म्हणतो. वस्तुतः त्यांचा अंतर्गत विरोध कमी असल्यामुळें मोठा प्रवाह देण्याच्या कामीं ते पुष्कळदां सरस ठरतात. तेव्हां ज्या यंत्रावर कोणाचा जीव अवलंबून आहे त्याची परीक्षा कामाच्या वेळेस, कामाच्या अंतरावरून, लागोपाठ पांच-सहा वेळां दाबून घ्यावी. आजाऱ्याच्या घंटेंतली बॅटरी उतरण्याची वाट न पाहतां थंडीच्या आरंभींच बदलावी. तिची किंमत तांब्याला पडलेल्या पोच्याहून अधिक नाहीं.

सेल बदलतांना सगळे एकदम बदलावेत. तीन नव्यांच्या रांगेंत एक जुना राहिला तर नवे सेल त्याच्यामधून बळेंच प्रवाह लोटतात, त्याचा दाब शून्याखालीं उलटा होतो, आणि तो झिरपूं लागतो. साध्या सेलचें जस्ताचें भांडें हेंच त्याचें इंधन. तें खाल्लें जाऊन त्यास भोंकें पडतात. अल्कलाइन सेलमधून पाझरणारा पदार्थ दाहक असून सुकल्यावर त्याची पांढरी पूड धातूच्या पट्ट्यांवर धरते. तीहि वाटेंत विरोधच उभा करते. यंत्र महिनोन् महिने वापरावयाचें नसेल तर सेल काढून ठेवावेत.

काढून टाकलेल्या नाण्यासारख्या सेलचें काय करावें, हें सांगावयाचें राहिलें. किल्ली चालविण्यास असमर्थ ठरलेल्या सेलमध्यें दोन-अडीच व्होल्टांचा दाब सहज शिल्लक असतो. लहान मुलानें तो गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला तर तेथील ओलाव्यांत एवढा दाब दाहक क्षार उत्पन्न करण्यास पुरतो, आणि दोन तासांच्या आंत गंभीर भाजणूक होऊं शकते. असें घडल्याचा संशय जरी आला तरी मुलास ओकारी काढावयास न लावतां तत्काळ रुग्णालयांत न्यावें आणि सेल गिळल्याचें तेथें आधीं सांगावें. म्हणून हे सेल काढतांच त्यांच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा डब्यांत ते ठेवावेत, आणि ओल्या कचऱ्यांत न टाकतां बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या दुकानांत किंवा संकलन केंद्रावर द्यावेत.